ओ

“मथुरे, त्याच्या कानात कापूस घातलायस का गं?”

आत्याबाईंनी शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि चष्म्यावरून अंगणाकडं पाहिलं. अंगणात माझा अडीच वर्षांचा मुलगा उकिडवा बसून रिकाम्या रिळांची आगगाडी करत होता. मी उंबऱ्यात दुधाची वाटी घेऊन उभी होते. मघापासून त्याला बोलावत होते.

“ऐक ना रे. दूध निवतंय. ये बघू.”

एक रीळ पुढं सरकलं. त्याच्या मागं दुसरं सरकलं.

“ऐकतोस ना? इकडं बघ. आई बोलावतेय.”

त्यानं तोंडानं शिट्टीसारखा आवाज काढला आणि गाडी वळणावर घेतली. मान काही वळवली नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या बायजाक्कांनी हाळी घातली, “वामन्या, शेंग खातो का रं?” झालं. रिळं तिथंच पडली. “ओ!” करून माझं लेकरू उठलं आणि पडक्या भिंतीच्या फटीतून पलीकडं दिसेनासं झालं.

“बघितलंस?” आत्याबाई म्हणाल्या. “सगळ्या गल्लीला ओ आहे. आईलाच नाही.”

मशीन पुन्हा खडखडायला लागलं. निवलेलं दूध मीच प्यायले.

फलटणला बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं शिंप्याचं घर होतं. दोन खोल्या, पुढं अंगण. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मुलाच्या जन्माच्या आदल्या वर्षी गेले. त्यांच्यानंतर मशीन आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चालवलं. झबली, परकर, पोलकी, लग्नसराईत रात्रंदिवस. जन्मभर त्या मशीनशेजारी बसून त्यांचा आवाज खणखणीत झाला होता. दोन घरं पलीकडं सुई मागितली तरी ऐकू जायचं. माझा आवाज मुळातच बारीक. त्यात घरात मशीन. मी काही सांगितलं की आत्याबाई पाय थांबवायच्या आणि विचारायच्या, “आता जे ओठ हलले त्याचा अर्थ काय होता?”

बारशाला त्यांनी एकच हट्ट धरला होता. मुलाचं नाव आजोबांचं. माझ्या नणंदेनं बाळाच्या कानात ते सांगितलं, तिच्या पाठीवर लाडाच्या थापा पडल्या, घुगऱ्या वाटल्या गेल्या आणि सगळ्यांचे डोळे भरून आले. नाव ठेवलं वामन.

आता आमच्याकडं सून सासऱ्याचं नाव घेत नाही आणि बायको नवऱ्याचं घेत नाही. पाळण्यातल्या बाळाचं असलं म्हणून नाव थोडंच बदलतं? त्यामुळं झालं असं, की घरात दिवसभर आम्ही दोघी बायका, आणि पोराचं नाव दोघींनाही चालत नव्हतं. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. आत्याबाईंनी आपली वाट आधीच काढली होती. त्या नातवाला अहोजाहो करायच्या. “अहो मालक, या जेवायला. अहो, नाक पुसा.” आणि मालक नाक पुसून घ्यायचे. मला मात्र कुठलंच नाव जिभेवर बसलं नाही. एक दिवस बाळा, एक दिवस सोन्या, आणि नेहमीचं आपलं ‘ऐक ना’. ते मी मांजरालासुद्धा म्हणायची.

माझा एक नेम तेव्हा होता, तो अजूनही आहे. सकाळी आंघोळ झाली की नैवेद्य दाखवीपर्यंत देवाशिवाय कुणाशी बोलायचं नाही. बाळकृष्णाच्या पायाशी तुळशीचं एकेक पान वाहायचं आणि एकेक नाव घ्यायचं, केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावं. मामंजींचं नाव त्यांत येतं. लग्न होऊन आले तेव्हा मी भीतभीत विचारलं होतं, की ते घ्यायचं का गाळायचं. आत्याबाई म्हणाल्या, “देवाचं म्हणून घे. देवाला काय माहीत नाही का, तू कुणाला म्हणतेस ते?” त्या स्वतः मात्र संध्याकाळी दिवा लावून नावं म्हणताना ते घ्यायच्या नाहीत. ठसक्यात म्हणायच्या, “त्रिविक्रम, ह्यांचं नाव, श्रीधर,” आणि पुढं जायच्या.

माझ्या मौनाची त्या थट्टा करायच्या. “तुझं मौन सुटलं कधी ते शेजारणीला विचारावं लागतं बाई.” पण सकाळी मला कुणी हाक मारू नये म्हणून दारात बसून राहायच्याही त्याच. मशीन तिथंच होतं. मी आत देवापाशी, त्या दाराशी मशीनवर, आणि पोरगं मधल्या उंबऱ्यावर रिळं घेऊन.

त्या वेळातही ते मला सुखानं नाव घेऊ द्यायचं नाही. पानं वाहता वाहता नेमकं मध्येच उठायचं, माझ्यापुढं येऊन पोट पुढं काढून उभं राहायचं आणि काहीतरी म्हणायचं. मशीनच्या खडखडाटात काय ऐकू येणार? मला वाटायचं, खडीसाखर हवी असेल. नैवेद्याआधी ती देता येत नाही, आणि मला बोलता येत नाही. मी डाव्या हातानं त्याला हळूच बाजूला सारायची. थोडा वेळ तो माझ्या तोंडाकडं बघायचा, मग परत रिळांकडं जायचा.

कानात खरंच काही असेल म्हणून आम्ही त्याला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर बाहेरगावाहून अजून आले नव्हते. कंपाउंडर म्हणाला, “थांबा, मीच बघतो.” त्यानं मुलाच्या पाठीमागं उभं राहून खिशातली पेपरमिंटची गोळी काढली आणि कागद नुसता चुरगळला. मालक गर्रकन वळले.

“कान सशाचे आहेत,” कंपाउंडर म्हणाला. “औषध नाही, ही गोळी द्या.”

मग गल्लीतल्या बायकांनी उपाय सुचवले. कुणी म्हणालं चिमटा काढ, कुणी म्हणालं अंधाऱ्या खोलीची भीती घाल. ते मला झालं नसतं. बायजाक्का शहाण्या. त्या म्हणाल्या, “आगं, उभ्यानं काय बोलतीस त्याच्याशी? खाली बस. हनुवटी धर. डोळ्यांत बघ आणि मग सांग.” मी बसले. हनुवटी धरली. डोळ्यांत पाहिलं.

“ऐक ना. आई बोलावेल तेव्हा यायचं. येशील ना?”

त्यानं फार लक्ष देऊन माझ्याकडं पाहिलं, बोट पुढं केलं आणि माझं कुंकू कपाळभर फासलं.

“आलं लक्षात त्याच्या,” आत्याबाई मशीनवरून म्हणाल्या.

मी त्या दिवशी हसले. पण तो कार्तिक उतरणीला लागला आणि हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही.

हे कालव्यावर पाटकरी होते. म्हणजे कालव्याचं पाणी शेतांच्या पाटांना ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणं सोडायचं, दारांची चाकं फिरवायची, पुन्हा मिटायची. दोन वर्षं ते चौकीवर एकटे राहत होते. शनिवारी संध्याकाळी सायकल मारत घरी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. मुलगा त्यांना शनिवारचा पाहुणा समजायचा. त्या शनिवारी ते आले ते घंटी वाजवतच.

“खोली मिळाली. चौकीची. पुढं पडवी आहे, मागं मोरी आहे. या मार्गशीर्षात दूध उतू घालू.”

 मी चुलीकडं तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी यायला धुराचं निमित्त बरं असतं.

आत्याबाईंनी कापडातली टाचणी काढून तोंडात धरली. मग टाचणी काढली आणि विचारलं, “कालवा किती लांब?”

“समोरच आहे, आई. पाटकऱ्याची खोली दुसरीकडं कुठं असणार?”

“समोरच म्हणजे?”

“म्हणजे पडवी, मग कच्चा रस्ता, मग कालवा.”

“मग ही जाऊ दे तुझ्याबरोबर. नवरा-बायको एका जागी राहिलेलं बरं. पोर इथं राहील.”

मी वळून पाहिलं. 

“मी काही तोडत नाही गं आई-लेकराला,” आत्याबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. “पण हाकेला ओ न देणारं पोर वाहत्या पाण्याकाठी न्यायचं? तुझ्या जिवावर? तू इथनं ‘ऐक ना’ म्हणशील, आणि तो तिकडं... जाऊ दे. तोंडानं बोलवत नाही मला. तुझ्या एका हाकेला ओ देऊन तो मागं फिरू दे. त्या दिवशी खुशाल घेऊन जा. मी पिशवी भरून देईन.”

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते सायकलची साखळी बघत होते. “आई खोटं नाही बोलत,” एवढंच म्हणाले.

बायजाक्का भिंतीवरून ऐकतच होत्या. “वामनाचं पाऊल ते,” त्या म्हणाल्या. “कालव्यापर्यंत कितीशी पावलं लागणार त्याला!” त्या हसल्या. बाकी कुणी हसलं नाही.

पुढचा पंधरवडा मी नुसत्या हाका मारल्या. गोड हाका, लांबट हाका, टाळी वाजवून, ताटली वाजवून. ताटली वाजली की तो यायचा, पण ताटलीसाठी. एका रविवारी तर फजितीच झाली. हे परसात लाकडं फोडत होते. मी मागच्या दारातून म्हणाले, “अहो, जरा इकडं या.” कुऱ्हाड ठेवून हे आले, आणि पुढच्या अंगणातून धावत, धापा टाकत मालकही आले. दोघं शेजारी शेजारी उभे राहून माझ्याकडं बघायला लागले.

आत्याबाई इतक्या हसल्या की मशीनवरून उठून भिंतीला टेकल्या.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “मग मीही त्याला अहोच म्हणू का?”

“खबरदार! एका शब्दाला दोन नवरे येतील घरात. त्या कालव्यावर कुणाला हाक मारलीस ते दोघांनाही कळायचं नाही. आणि आईनं पोराला अहो म्हणतात होय? मी म्हणते ती गोष्ट निराळी. माझे ते मालकच.”

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी आम्ही एसटीनं निघालो. ठरलं असं होतं, की चौकीवर दूध उतू घालायचं, एक मुक्काम करायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं आत्याबाईंनी मुलाला घेऊन फलटणला परत यायचं. त्याच्या कपड्यांची वेगळी पिशवी मीच भरली. दोन चड्ड्या, झबली, कानटोपी, आणि तळाला रिळं. आत्याबाईंनी ती बघितली. गाडीत मात्र त्यांनी नातवाला सारा वेळ माझ्या मांडीवर राहू दिलं.

खोली चांगली होती. पांढरा चुना नवा होता. पडवीतून कालवा दिसायचा, काठोकाठ भरलेला, हिरवट आणि गप्प. नदीसारखा तो आवाज करत नव्हता. पलीकडं उसाचे फड. अलीकडं रस्त्याच्या कडेला गवत, आणि गवत संपलं की उतरते दगड. मी पहिल्यांदा पाहिलं आणि आत्याबाईंचा राग यायचा थांबला.

संध्याकाळी शेगडीवर दूध ठेवलं, ते पूर्वेला उतू गेलं, सगळ्यांनी हात जोडले. हे म्हणाले, “आता घर झालं.” मी मुलाला गुळपापडी भरवली. तो माझ्या कुशीत येऊन झोपला. उद्यापासून कुशी मोकळी राहणार, एवढं एकच वाक्य मनात फिरत होतं. मी ते देवाला सांगितलं आणि डोळे मिटले.

सकाळी आंघोळ करून मी पडवीत पाट मांडला. आत अजून ओल होती आणि बाहेर कोवळं ऊन होतं. बाळकृष्ण डब्यातून काढून तबकात ठेवले. तुळस फलटणहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. हे मुलाला माझ्याजवळ रिळांशी बसवून दाराचं चाक फिरवायला गेले. ते चाक पडवीतून दिसत होतं. आत्याबाई मागं स्टोव्हशी. चहाचा वास येत होता. मशीन नव्हतं, गल्ली नव्हती. इतकी शांतता मला लग्नानंतर मिळाली नव्हती, आणि ती मला नको होती.

मी पहिलं पान वाहिलं. केशव. दुसरं वाहिलं. नारायण. माधव. गोविंद. पोरगं शेजारी रिळं ओळीत लावत होतं. विष्णू. मधुसूदन.

एक लाल शेपटीचा चतुर आला आणि पडवीच्या पायरीवर बसला. पोरानं हात पुढं केला. चतुर उडून रस्त्यावर बसला.

त्रिविक्रम, मी म्हणाले, आणि पान ठेवून मान वर केली तर शेजारी नुसती रिळं होती.

तो रस्ता ओलांडून गेला होता. चतुर गवताच्या शेंड्यावर बसला, हा वाकला. चतुर उडाला आणि दगडांवर बसला. ह्यानं गवतात पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. पुढं दगड, आणि दगडांना टेकून ते गप्प पाणी.

उठून धावले असते तर वेळेवर पोचले नसते, हे मला बसल्या जागी कळलं. मौन मोडायला मी तयार होते. पण मोडून म्हणणार काय? ऐक ना? ते तर त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. माझं तोंड उघडलं, आणि ओठांवर जे पुढचं नाव होतं तेच बाहेर पडलं.

“वामन!”

तो माझा आवाज होता हे मला नंतर कळलं. कालव्यापलीकडच्या उसातून पाखरं उठली. चाकावरचे हे वळले.

माझं लेकरू गवतात थबकलं. मागं वळलं. “ओ!” म्हणालं.

आणि चतुर तिथंच सोडून ते धावत आलं. रस्ता ओलांडून, पायरी चढून, पाटापुढं येऊन, पोट पुढं काढून उभं राहिलं. माझ्याकडं बघू लागलं. काय काम आहे ते विचारावं तसं.

मी त्याला जवळ ओढलं. बाळकृष्णांवरची तुळस माझ्या पदरानं विस्कटली.

हे धापा टाकत आले. आत्याबाई दारात उभ्या होत्या, हातात चहाची गाळणी, आणि ती टपटपत होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी रस्त्याकडं पाहिलं, कालव्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“कुणाला हाक मारलीस गं?”

 मौन मोडलं होतं. मामंजींचं नाव साऱ्या कालव्यानं ऐकलं होतं. मी मान खाली घातली.

“देवाला, आत्याबाई.”

 त्या खाली बसल्या, गाळणी बाजूला ठेवली आणि नातवाच्या पायाला लागलेलं गवत एकेक काडी करून काढलं.

“मग देवानं ओ दिली म्हणायची,” त्या म्हणाल्या.

हे काहीतरी बोलायला गेले, पण आत्याबाईंनी हात वर केला. “तू तुझी दारं मीट जा. मथुरे, पूजा अर्धी राहिलीय. पहिल्यापासून बस. मौन कुठं मोडलंय तुझं? देवाशिवाय दुसरं काही तुझ्या तोंडातनं आलं नाही.”

मी हातपाय धुऊन पुन्हा बसले. आत्याबाई पडवीच्या पायरीवर रस्त्याची वाट अडवून बसल्या. नातवाला त्यांनी पडवीच्या त्या टोकाला रिळांशी बसवला. त्याची पाठ माझ्याकडं होती. मी पुन्हा केशवापासून सुरुवात केली. आवाज परत नेहमीचा झाला होता, पुटपुटण्याचा. माझा मलाच जेमतेम ऐकू येत होता.

मधुसूदन. त्रिविक्रम. मी पान उचललं.

“वामन,” मी ओठांत म्हणाले.

त्या टोकाला रीळ थांबलं. तो उठला. रोजच्यासारखा माझ्यापुढं येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “ओ.”

मशीन नव्हतं म्हणून ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. माझा हात पानासकट तसाच राहिला.

आत्याबाई पायरीवरून वळून बघत होत्या.

“घरीही येतो असा? पूजेत?”

मी मान हलवली.

“रोज?”

मी पुन्हा मान हलवली. बोलता येत नव्हतं. 

“आणि तू काय करतेस?”

मी डावा हात उचलला आणि हवेतच त्याला बाजूला सारल्यासारखं करून दाखवलं.

“अगं वेडे,” आत्याबाई म्हणाल्या.  “पोर रोज सकाळी तुझ्या हाकेला ओ द्यायला येतंय. माझ्या मशीनच्या खडखडाटातनं तुझा तो पुटपुटाट ऐकून येतंय! आणि आपण त्याला कंपाउंडरकडं नेला.”

पोरगं अजून उभं होतं. हाक मारली तर पुढं काहीतरी व्हायला हवं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. माझ्या चिमटीत तुळशीचं पान होतं. ते मी त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याचा हात धरून बाळकृष्णांच्या पायाशी नेला. त्यानं पान वाहिलं. मग समाधानानं मागं फिरला आणि रिळांची गाडी जिथं थांबली होती तिथून पुढं निघाली.

मी श्रीधर म्हणाले. पुढची नावं डोळ्यांतल्या पाण्यातून घेतली, पण एकही चुकलं नाही.

जेवणं झाली. गाडीची वेळ झाली. आत्याबाईंनी आपली पिशवी भरली, आणि मुलाची पिशवी उचलून आतल्या खुंटीला अडकवली.  आम्ही सगळे फाट्यापर्यंत चालत निघालो. मुलगा ह्यांच्या खांद्यावर, आम्ही दोघी मागं.

“आता हाक मारत जा,” आत्याबाई म्हणाल्या. “नावानं. आणि सकाळच्यासारखी मोठ्यानं.”

“पण आत्याबाई, मामंजींचं नाव...”

“अगं, पोराचं नाव ठेवलंय ते काय नुसतं ठेवून द्यायला? ते असते तर त्यांनीच म्हटलं असतं, की घे बाई, एकदाचं घे. फार सोसायचे माझं. चाळीस वर्षं मी त्यांना अहो म्हटलं, आणि चाळीस वर्षं ते ओ देत आले.” त्या थोडं चालल्या. “तेही असेच लगेच यायचे. हातातली सुई तशीच घेऊन.”

“मग तुम्हीही घ्या ना नाव,” मी म्हणाले. माझं धाडसच होतं ते.

“मी नाही गं बाई. या वयात आता कशाला? माझे ते मालकच बरे.”

गाडी आली. आत्याबाई चढल्या, खिडकीशी बसल्या आणि आमच्याकडं वाकून हात हलवायला लागल्या. पण मालकांचं लक्ष कुठं होतं? ते खांद्यावरून उतरून रस्त्याकडेच्या खडीत बसले होते आणि खडे ओळीत लावत होते.

“अहो!” आत्याबाईंनी हाक मारली. “अहो मालक, निघाले मी!”

इंजिन घरघरत होतं. कंडक्टर कुणाशी तरी भांडत होता. मुलानं वर पाहिलं नाही. मी त्याला उचलायला वाकले, तेवढ्यात गाडी हलली.

“अहो! इकडं बघा की!”

गाडी पुढं सरकली. आत्याबाईंचा चेहरा खिडकीतून मागं मागं वळत होता. मग त्यांनी गजांना दोन्ही हातांनी धरलं.

“वामन!”

जन्मभर मशीनवर मात केलेला तो आवाज इंजिनावरून, कंडक्टरवरून, साऱ्या फाट्यावरून आला. हे माझ्या शेजारी ताठ उभे राहिले. आईच्या तोंडून त्यांनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. आणि आत्याबाईंनी लगेच पदर तोंडावर घेतला, नव्या नवरीसारखा.

खडीतून माझा मुलगा उठला. मूठभर खडे तसेच हातात धरून त्यानं गाडीकडं पाहिलं.

“ओ!” तो ओरडला.

गाडी वळणाशी गेली. तो पुन्हा ओरडला, “ओ!” गाडी दिसेनाशी झाली, धूळ खाली बसली, तरी तो ओरडतच राहिला. आम्ही दोघंही त्याला थांबवायला गेलो नाही.